वाचक विचारतात : बोटीतल्या गोड्या पाण्याच्या पंपाचा स्विच

बोटीतल्या गोड्या पाण्याच्या व्यवस्थेबद्दल आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच सर्किटभोवती फिरतात : बॅटरी, फ्यूज, स्विच आणि पंप. म्हणून या वेळचे सगळे प्रश्न त्याच विषयाचे घेतले आहेत. वेगळे म्हटले नसेल तिथे व्यवस्था १२ व्होल्ट डीसीची आहे असे धरा.

प्रश्न : आमच्या बोटीत डायफ्रॅम पंप (रबरी पडदा हलवून पाणी ढकलणारा) आहे आणि त्याच्या डोक्यावरच प्रेशर स्विच आहे. दोन्ही वायर थेट बॅटरीला जोडलेल्या आहेत. नळ उघडला की पंप चालतो, बंद केला की थांबतो. मग वेगळा स्विच हवाच कशाला? आणि बसवायचा तर नेमका कुठे?

उत्तर : हवाच. प्रेशर स्विचला फक्त दाब कळतो. बहुतेक पंपांत दाब २५ पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचे एकक) आसपास उतरला की तो पंप चालू करतो आणि ४० च्या आसपास पोचला की बंद करतो (तुमच्या पंपाचे आकडे त्याच्या पट्टीवर छापलेले असतात). नळ उघडल्यामुळे दाब उतरला की पाइप निसटल्यामुळे, यातला फरक त्याला समजत नाही. बोटीवर कोणी नसताना एक क्लॅम्प सुटला तर पंप अख्खी टाकी बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, ओततो, मग कोरडाच चालत राहतो. बिल्ज पंप ते पाणी बाहेर फेकत बसतो आणि शेवटी टाकी रिकामी, बॅटरीही रिकामी. बोट सोडताना, झोपताना आणि प्रवासात पंप हाताने बंद करता आलाच पाहिजे.

जोडणीचा क्रम असा ठेवा. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून मुख्य बॅटरी स्विच, तिथून पॅनेलचा पॉझिटिव्ह बसबार (अनेक वायर एकत्र जोडायची धातूची पट्टी), बसबारवरून फ्यूज किंवा ब्रेकर, फ्यूजनंतर तुमचा नवा स्विच, मग पंपावरचा प्रेशर स्विच आणि मोटर. मोटरची दुसरी वायर निगेटिव्ह बसबारवर आणि तिथून बॅटरीच्या निगेटिव्हवर. फ्यूज स्विचच्या आधी येतो, कारण तो सर्वात आधी वायर वाचवतो. फ्यूजच्या अलीकडची वायर कुठे घासून उघडी पडली तर तिच्यातला करंट थांबवणारे काहीच नसते. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या ई-११ मानकात वीज जिथून घेतली तिथून ७ इंचांच्या, म्हणजे साधारण १८ सेंटिमीटरच्या आत फ्यूज असावा असा मूळ नियम आहे. वायर आवरणातून किंवा बंद पेटीतून नेली असेल तर काही सवलती आहेत, पण पंपासारख्या छोट्या सर्किटला त्यांची गरज पडत नाही.

बिल्ज पंपाचे पाहून याची जोडणी करू नका. स्वयंचलित बिल्ज पंप मुख्य स्विचच्या अलीकडून, स्वतःच्या फ्यूजमधून घेतात, कारण बोटीवर कोणी नसतानाही तो चालला पाहिजे. गोड्या पाण्याच्या पंपाचे बरोबर उलटे आहे : मुख्य स्विच बंद केला की तोही मेलाच पाहिजे.

सामान फार लागत नाही : डीसीसाठी अँपिअर छापलेला स्विच, झाकणाचा फ्यूज होल्डर आणि दोन जादा फ्यूज, कथिलाचा मुलामा असलेली बहुतारी तांब्याची वायर दोन रंगांत, रिंग लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी), आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, क्लिपा, आणि पत्र्यातून किंवा प्लायमधून वायर नेताना भोकात बसवायचा रबरी ग्रोमेट. घरातली एकतारी वायर बोटीत वापरू नका. सततच्या हादऱ्यांनी ती लगच्या तोंडाशी तुटते, आणि तुटलेली बाहेरून दिसत नाही.

काम सुरू करण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह लग काढा आणि नळ उघडून दाब सोडून द्या. वायर बिल्जच्या पाण्यापासून जितकी वर नेता येईल तितकी वर न्या आणि दर ४५ सेंटिमीटरला क्लिप मारा. स्विच आणि पंपापाशी वायरला खाली एक झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी टर्मिनलपर्यंत न जाता झोळातूनच टपकेल. लग रॅचेटच्या क्रिंपरनेच, म्हणजे लग दाबायच्या खास हत्यारानेच, दाबा. पक्कडीने चेपलेला लग पहिल्या दिवशी घट्ट वाटतो, पण त्याच्या आत हवा राहते आणि हवेमागून ओल जाते. क्रिंप झाल्यावर वायर हाताने जोरात ओढून पाहा. निघाली तर आत्ताच निघालेली बरी. नुसता डाग (सोल्डर) देऊन केलेला जोड नको : डाग जिथे संपतो तिथे वायर ताठ होते आणि हादऱ्याने नेमकी तिथेच तुटते.

सगळे जोडून झाले की फ्यूज सर्वात शेवटी बसवा. नळ उघडा ठेवूनच स्विच चालू करा, म्हणजे पाइपातली हवा निघून जाईल. मग नळ एकेक करून बंद करा. शेवटचा नळ बंद झाल्यावर पंप काही सेकंदांत थांबला पाहिजे.

प्रश्न : पंपाच्या पट्टीवर ८ अँपिअर लिहिले आहे. पॅनेलपासून पंप ६ मीटरवर आहे. १.५ चौरस मिमीची वायर आणि ३० अँपिअरचा फ्यूज सध्या लावलेला आहे. चालेल का?

उत्तर : फ्यूज आजच बदला, वायर सवडीने.

वायरचा हिशेब करताना जाण्याचे ६ आणि येण्याचे ६ असे १२ मीटर धरायचे. अर्धे लोक इथेच चुकतात. १.५ चौरस मिमीच्या १२ मीटर तांब्याचा रोध साधारण ०.१४ ओहम. ८ अँपिअरला १.१२ व्होल्ट वाटेतच खर्च, म्हणजे ९ टक्क्यांहून जास्त. पंपासारख्या वापराला १० टक्क्यांपर्यंतची घट मानकात बसते, पण त्यात जोड, स्विच आणि फ्यूज होल्डर अजून धरलेलेच नाहीत. २.५ चौरस मिमीला घट ०.६७ व्होल्ट होते, ४ ला ०.४२, ६ ला ०.२८. आमच्या मते या अंतराला ४ घ्या. ६ ने मिळणारा जादा फायदा थोडा आहे आणि जाड वायर छोट्या स्विचच्या टर्मिनलवर नीट बसत नाही. हीच बोट २४ व्होल्टची असती तर त्याच ताकदीच्या पंपाला निम्मा करंट लागला असता आणि टक्केवारीत घट चौथ्या हिश्श्यावर आली असती.

फ्यूजला दोन मर्यादा असतात. वायर किती सोसेल ही वरची मर्यादा. पंप बनवणाऱ्याने किती सांगितला आहे ही दुसरी. दोन्हींतला लहान आकडा घ्यायचा. ८ अँपिअरच्या पंपाला बहुधा १० किंवा १५ सांगितलेला असतो. पंपात कचरा अडकून मोटर जाम झाली तर ती नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, आणि ३० चा फ्यूज तो करंट मुकाट्याने देत राहतो. मोटर आधी जळते किंवा वायरचे आवरण आधी वितळते, एवढाच प्रश्न उरतो. फ्यूज आकड्यावर लगेच उडत नाही हेही लक्षात ठेवा : १५ चा फ्यूज २० अँपिअरवर काही मिनिटेसुद्धा तग धरू शकतो. म्हणून ‘थोडा मोठा टाकू’ हा विचार इथे नको. पातीच्या फ्यूजमध्ये लाल १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा आणि हिरवा ३० चा. झाकण उघडताच हिरवा दिसला तर तो या सर्किटचा नाही.

प्रश्न : आत दिवा असलेला रॉकर स्विच आणला. मागे तीन पाय आहेत, दोन चंदेरी आणि एक पितळी. बंद असताना सगळे ठीक, चालू केला की त्याच क्षणी फ्यूज उडतो. स्विच खराब निघाला का?

उत्तर : स्विच बहुधा चांगला आहे, काळी (निगेटिव्ह) वायर चुकीच्या पायावर गेली आहे.

या स्विचला एका पायावर पुरवठा येतो, दुसऱ्यावरून पंपाकडे जातो, आणि तिसरा, बहुधा पितळी, फक्त आतल्या दिव्याच्या निगेटिव्हसाठी असतो. तुमच्याकडे निगेटिव्ह वायर पंपाच्या पायावर लागली असणार. स्विच बंद असताना पुरवठा आणि तो पाय वेगळे असतात, म्हणून शांतता. चालू करताच पॉझिटिव्ह सरळ निगेटिव्हला भिडतो आणि फ्यूज आपले काम करतो.

पाय ओळखायला पायांच्या क्रमावर विसंबू नका, तो बनवणाऱ्यागणिक बदलतो. स्विच मोकळा काढा. मल्टिमीटर बझरवर ठेवा आणि स्विच चालू करा : जे दोन पाय वाजतात आणि बंद केल्यावर गप्प होतात ते पुरवठा आणि पंप. उरलेला दिव्याचा. आता त्या दोघांतला कोणता कोणाचा, ते असे पाहा. स्विच बंद ठेवा, दिव्याच्या पायाला निगेटिव्ह द्या आणि १ अँपिअरच्या फ्यूजमधून १२ व्होल्ट त्या दोघांपैकी एकाला लावा. दिवा लागला तर तो पंपाचा पाय. नाही लागला तर तो पुरवठ्याचा.

उरलेल्या दोन चुकांची लक्षणेही ओळखू येतात. पुरवठा आणि पंप यांची अदलाबदल झाली तर पंप नीट चालू-बंद होतो, पण दिवा कायम जळत राहतो. पंपाची वायर दिव्याच्या पायावर गेली तर चालू केल्यावर दिवा लागतो आणि पंप मात्र हलतही नाही, कारण दिवा आणि मोटर एकामागे एक जोडले जातात आणि दिव्यातून जाणाऱ्या इवल्याशा करंटवर मोटर फिरत नाही.

आणखी एक. हा दिवा स्विच चालू आहे एवढेच सांगतो, पंप फिरतो आहे हे नाही. इंजिनाच्या आवाजात पंप ऐकू येत नसेल तर दुसरा दिवा लावा : प्रेशर स्विचच्या मोटरकडच्या टर्मिनलवरून बारीक वायर, तिथेच १ अँपिअरचा फ्यूज, आणि पुढे १२ व्होल्टचा एलईडी दिवा पॅनेलवर. हा पंप प्रत्यक्ष चालताना लागेल. कोणी नळ उघडलेला नसताना तो लागला तर कुठेतरी पाणी जात आहे. या सर्किटमधली ही सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी भर आहे.

प्रश्न : घरगुती स्विचवर २५० व्होल्ट १० अँपिअर लिहिलेले असते. १२ व्होल्टला तो भरपूर झाला ना?

उत्तर : नाही. एसीमध्ये, म्हणजे घरच्या विजेत, करंट प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यावर येतो, त्यामुळे संपर्क उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. डीसीला शून्य नसते. ठिणगी ताणली जाते आणि संपर्क खात राहते, त्यात मोटरची गुंडाळी तिला आणखी जोर देते. स्विचवर डीसीचा वेगळा आकडा छापलेला असेल तोच मोजा, आणि ८ अँपिअरच्या पंपाला १५ ते २० अँपिअर डीसीचा स्विच घ्या, कारण मोटर सुरू होताना क्षणभर बराच जास्त करंट ओढते.

प्रश्न : आमच्या कारागिराने स्विच निगेटिव्ह वायरमध्ये बसवला आहे. पंप व्यवस्थित चालतो. बदलायची गरज आहे का?

उत्तर : आहे. स्विच बंद असतानाही मोटरपर्यंत १२ व्होल्ट उभे राहतात. पंप ओल्या जागी असतो. त्याच्या टर्मिनलवरून ओलाव्यातून बारीक करंट बोटीच्या धातूच्या भागांकडे पाझरू लागला की तिथे झपाट्याने गंज चढतो, आणि तो पाझर स्विचने थांबत नाही. शिवाय पंप आणि स्विच यांच्यामधली निगेटिव्ह वायर कुठे घासून इंजिनाच्या धातूला लागली, तर स्विच बंद असूनही पंप चालू होऊ शकतो. दुरुस्ती करणाऱ्याची फसगत होते ती वेगळीच : स्विच बंद म्हणून तो पाना लावतो आणि ठिणगी पडते.

दोन वायर जागच्या जागी बदलायच्या आहेत, तासाभराचे काम. ज्या धातूच्या बोटींत दोन्ही बाजू सांगाड्यापासून पूर्ण अलग ठेवलेल्या असतात तिथे दोन्ही वायर एकदम तोडणारा दुहेरी स्विच वापरतात. पण नुसता निगेटिव्ह तोडणे कुठेच बरोबर नाही.

प्रश्न : पंप हळू चालतो आणि सगळे नळ बंद केले तरी थांबत नाही. गळती कुठेच नाही. पंपाच्या टर्मिनलवर मीटर १२.६ व्होल्ट दाखवतो, म्हणजे वीज बरोबर आहे. पंप बदलावा का?

उत्तर : तो १२.६ पंप चालू असताना मोजला का? पत्रावरून तसे वाटत नाही. पंप बंद असताना घेतलेल्या आकड्याला या कामात काही किंमत नाही. मीटरला नावापुरताच करंट लागतो. वायरचे सगळे तार तुटून एकच शिल्लक असला तरी तो मीटरला पूर्ण १२.६ पोचवतो, पण पंपाला ८ अँपिअर पोचवू शकत नाही.

नळ अर्धवट उघडा आणि पंप चालता ठेवा. नळ जितका बंद कराल तितका दाब आणि त्याबरोबर करंट वाढतो, म्हणून मापे दाब चढलेला असताना घेतलेली बरी. पहिले माप बॅटरीच्या खांबांवर, दुसरे पंपाच्या टर्मिनलवर. समजा बॅटरीवर १२.४ आणि पंपावर १०.८ आले. १.६ व्होल्ट वाटेत हरवले. आता ते कोणत्या बाजूला हरवले ते शोधायचे. मीटरची एक सळई बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर ठेवा, लगवर नव्हे, खांबाच्या शिशावर. दुसरी पंपाच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर. सळई पोचत नसेल तर साधी लांब वायर जोडून घ्या. मीटर जो आकडा दाखवेल तेवढी घट पॉझिटिव्ह बाजूची. तसेच निगेटिव्ह खांब आणि पंपाचे निगेटिव्ह टर्मिनल. समजा ०.४ आणि १.२ आले. मग स्विच, फ्यूज, पॅनेल यांना हात लावायचे कारण नाही. दोष काळ्या वायरच्या वाटेवर आहे. लोक पॉझिटिव्ह बाजू महिनोन्‌महिने तपासतात आणि निगेटिव्हकडे पाहतच नाहीत, पण पंपाला जाणारा प्रत्येक अँपिअर त्या वाटेने परत येतो.

आता ती वाट अर्धी-अर्धी करत जा : खांब ते बसबार, बसबार ते पंप. ज्या अर्ध्यात घट आहे तिथे एकेका जोडाच्या दोन बाजूंना सळया लावा. चांगला जोड दोन-तीन शतांश व्होल्टपेक्षा जास्त खात नाही. चालू केलेल्या स्विचच्या दोन पायांमध्ये ०.१ पेक्षा जास्त आले तर स्विचचे संपर्क जळले आहेत. प्रेशर स्विचलाही हाच नियम.

दोष बहुधा निगेटिव्ह बसबारवर सापडतो, कारण तो बिल्जच्या जवळ, खालच्या बाजूला असतो. लग वरून चकचकीत दिसेल. तो काढून उलटा करा आणि वायरचे आवरण सेंटिमीटरभर सोला. तांबे नारिंगी न दिसता काळपट आणि भुरभुरीत दिसले की झाले. मुलामा नसलेल्या तारांत ओल आवरणाच्या आतून वर चढत जाते, म्हणून नारिंगी तांबे दिसेपर्यंत वायर कापत जा. हातभर कापूनही काळेच असेल तर ती वायर टाकून द्या. काळ्या तांब्यावर नवा लग दाबणे म्हणजे तेच काम पुन्हा करायला बोलावणे. लग बसवताना आणखी एक पाहा : स्टेनलेस वॉशर लगच्या वर, नटाखाली असावा. लग आणि बसबार यांच्यामध्ये वॉशर अडकवला तर सगळा करंट त्या वॉशरमधून जातो आणि स्टेनलेस हा विजेचा चांगला वाहक नाही.

पंप थांबत का नाही, याचे उत्तरही यातच आहे. १०.८ व्होल्टवर मोटर ४० पीएसआयपर्यंत दाब चढवूच शकत नाही, ३५-३६ ला दमते. प्रेशर स्विच ४० ची वाट पाहत राहतो. या अवस्थेत प्रेशर स्विचचा स्क्रू फिरवून कट-आउट, म्हणजे पंप बंद होण्याचा दाब, खाली आणण्याचा मोह टाळा. पंप थांबेल, पण दोष तसाच राहील आणि जोड तापतच राहील. चालू पंपावर १२ च्या वर व्होल्ट मिळूनही तो थांबत नसेल, तरच टाकीकडच्या पाइपातून हवा ओढली जाते का, जाळी तुंबली आहे का, पंपाच्या झडपा झिजल्या आहेत का ते पाहा. आणि पंप जोरात चालून, दाब भरपूर चढूनही थांबत नसेल तर प्रेशर स्विचचे संपर्क चिकटले आहेत.

प्रश्न : रात्री अधूनमधून पंप एक-दोन सेकंद चालून थांबतो. नळ कोणीच उघडत नाही. स्विचमध्ये दोष आहे का?

उत्तर : वायरिंग ठीक आहे, दाब कुठेतरी उतरतो आहे. पंपाच्या लगेच पुढे पाण्याचा एक व्हॉल्व्ह असेल तर तो बंद करा आणि तासभर थांबा. पंप गप्प राहिला तर गळती पुढे आहे : नळाचे वॉशर, डेकवरचा शॉवर, क्लॅम्प, किंवा गरम पाण्याच्या टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्ह, जो पाणी तापून फुगताना थेंब सोडतो. व्हॉल्व्ह बंद असूनही पंप चालला तर त्याची स्वतःची झडप दाब उलटा टाकीकडे सोडते आहे. अशा वेळी बोटीत ओल कुठेच सापडत नाही. गळती सापडेपर्यंत झोपताना स्विच बंद ठेवा.

प्रश्न : स्वयंपाकाच्या ओट्यापाशी आणि न्हाणीत, दोन्हीकडून पंप चालू-बंद करायचा आहे.

उत्तर : तीन मार्ग आहेत. दोन साधे स्विच समांतर जोडले तर पंप कुठूनही चालू होतो, पण बंद व्हायला दोन्ही बंद असावे लागतात. एक कोणीतरी विसरतोच, आणि मग स्विच असून नसल्यासारखा. जिन्यातल्या दिव्यासारखे दोन टू-वे स्विच बसवता येतात : फ्यूजची वायर पहिल्याच्या मधल्या पायाला, दोघांच्या कडेच्या पायांमध्ये दोन वायर, दुसऱ्याच्या मधल्या पायावरून पंप. हे नीट चालते, पण पंपाचा पूर्ण करंट सगळ्या बोटीत फिरून येतो, म्हणून वायर जाड लागते आणि घट वाढते.

अंतर जास्त असेल तर तिसरा मार्ग बरा : पंपाजवळ ३० अँपिअरचा रिले, म्हणजे बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. टर्मिनल ३० वर फ्यूजमधून पुरवठा, ८७ वरून पंप, ८५ निगेटिव्हला, ८६ ला टू-वे स्विचमधून येणारी बारीक वायर, तिला २ अँपिअरचा वेगळा फ्यूज. गुंडाळीला साधारण ०.१५ अँपिअर लागतो, त्यामुळे स्विचकडे १ चौरस मिमीची वायर पुरते. पण स्विच दिवसरात्र चालू राहिला तर रिले २४ तासांत ३.६ अँपिअर-तास खातो, पाणी वापरा किंवा नका वापरू. लहान बोटीला आम्ही यातले काहीच सुचवणार नाही. एकच स्विच, बाहेर पडायच्या दारापाशी, जाताना हात पोचेल असा. दोन ठिकाणांची सोय मोठ्या बोटीतच परवडते.

प्रश्न : टाकी रिकामी झाली की पंप आपोआप बंद व्हावा, असे करता येईल?

उत्तर : टाकीच्या तळाशी पिण्याच्या पाण्याला चालणारा छोटा फ्लोट स्विच बसवा आणि वरच्या रिलेच्या ८६ च्या वायरमध्ये तो मालिकेत जोडा. पाणी आहे तोवर फ्लोट सर्किट पूर्ण ठेवतो, पाणी उतरले की तोडतो. पंपाचा करंट थेट फ्लोटमधून नेऊ नका. त्याचे संपर्क बहुधा एखाद्या अँपिअरचे असतात. फ्लोट चोषण पाइपाच्या तोंडापेक्षा तीन-चार सेंटिमीटर वर असू द्या, नाहीतर बोट कलली की पंप आधी हवा ओढेल. डायफ्रॅम पंप थोडा वेळ कोरडा चालला तर सोसतो, पण रबरी पात्यांचा पंप काही मिनिटांतच खराब होतो, त्यामुळे तसा पंप असेल तर हे काम लांबवू नका.

प्रश्न : पंप पेट्रोल इंजिनाच्या कप्प्यात आहे. स्विच आणि रिले तिथेच लावले तर वायर वाचेल.

उत्तर : ‘इग्निशन प्रोटेक्टेड’ असा शिक्का असल्याशिवाय तिथे स्विच, रिले, उघडा फ्यूज होल्डर, काहीच लावू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तळाशी साचते, आणि साध्या स्विचची ठिणगी तिला पेटवायला पुरते. पंपाची मोटर आणि प्रेशर स्विच यांच्यावरही तो शिक्का आहे का पाहा. नसेल तर पंपच दुसऱ्या कप्प्यात हलवा. स्वयंपाकाच्या गॅसच्या कप्प्यालाही हाच नियम आहे.

प्रश्न : आमच्या छोट्या बोटीत टाकीत बुडवलेला पंप आहे आणि दोन नळांमध्येच मायक्रोस्विच आहेत. दोन्ही नळ बंद असले तरी पंप गुरगुरत राहतो.

उत्तर : या पद्धतीत प्रेशर स्विच नसतो, दोन्ही नळांचे मायक्रोस्विच समांतर असतात आणि कोणताही एक मिटला की पंप चालतो. दोन्ही नळ बंद करा आणि एकेका नळाखालची वायरची जोडी सोडवून पाहा. जी सोडवल्यावर आवाज थांबेल त्या नळातला स्विच ओल शिरून अडकला आहे. तो दुरुस्त होत नाही, बदलावा लागतो. नवा घालताना त्याच्यावरचा डीसी आकडा पंपाच्या करंटशी ताडून पाहा. कमी पडत असेल तर मध्ये रिले घाला, आणि नळाच्या देठावरून पाणी ओघळत असेल तर आधी तिथले वॉशर बदला, नाहीतर नवा मायक्रोस्विचही तसाच भिजेल.